‘परिणाम नगण्य’ म्हणजे नेमके किती?

प्रश्न : एका नियोजित रस्त्याचा पर्यावरणीय आघात मूल्यमापन अहवाल वाचला. त्यात ‘परिणाम नगण्य’ हा शेरा वारंवार आढळतो आणि शेवटी भरपाई म्हणून वृक्षलागवडीचे आश्वासन दिले आहे. अशा अहवालावर किती विश्वास ठेवावा, हे सामान्य वाचकाने कसे ठरवावे?

उत्तर : उपाययोजनांचे तक्ते तूर्त बाजूला ठेवून पर्यायांचे प्रकरण आधी वाचावे. अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने केंद्रीय यंत्रणांना प्रस्तावित कामाचे पर्याय मांडणे बंधनकारक केले. काम मुळीच न करण्याचा पर्यायही तपासावा, हा दंडक पुढे रूढ झाला. आपल्या हातातील अहवालात मार्गरेषा आधीच ठरलेली असेल आणि बाकीचे पर्याय दोन ओळींत निकालात काढले असतील, तर तो निर्णयाचे समर्थन करण्यासाठी लिहिला गेला, असे मानायला हरकत नाही.

त्यानंतर मूळ स्थितीची पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, ते पाहावे. नदीच्या पूरमैदानातून जाणाऱ्या रस्त्याची पाहणी केवळ कोरड्या ऋतूत केली, तर बेडकांची पैदास नोंदली जात नाही आणि पुराचे पाणी कुठवर पसरते हेही दिसत नाही. अशा ठिकाणी रस्त्याचा भराव बांधासारखा पाणी अडवतो, मोऱ्या अपुऱ्या पडल्या की वरच्या बाजूची शेते तुंबतात आणि खालच्या पाणथळ जागा मात्र कोरड्या पडू लागतात. ‘नगण्य’ हा शेरा कोणत्या मोजमापावर आधारलेला आहे, हे अहवालात लिहिलेले नसेल, तर ते केवळ मत ठरते.

प्रकल्पाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा, ज्या आकारापुढे असे मूल्यमापन सक्तीचे होते त्या मर्यादेखाली, ठेवण्याची क्लृप्तीही जुनीच आहे. अशा विभाजनामुळे कायद्याचा हेतू निष्फळ होता कामा नये, असे युरोपीय न्यायालयाने १९९९ साली आयर्लंडविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून रस्त्यासोबत येणाऱ्या खाणी, राडारोड्याच्या जागा आणि जोडरस्ते त्याच अहवालात मोजले आहेत का, हे तपासावे.

वृक्षलागवडीबद्दल थोडेसेच सांगतो. हानी टाळणे, ती कमी करणे, बिघडलेले पूर्ववत करणे आणि एवढे करूनही जे उरेल त्याचीच भरपाई करणे, असा उपायांचा क्रम आहे. पाणथळ जागेचे नुकसान अन्यत्र लावलेल्या रोपांनी भरून निघत नाही. जनसुनावणी असेल, तर पर्यायांविषयीचा आणि पाहणीच्या महिन्यांविषयीचा प्रश्न लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.