शब्द ओळखीचा वाटला की थांबा

प्रश्न : शेक्सपिअरचे 'ट्वेल्फ्थ नाइट' मूळ इंग्रजीतून वाचते आहे. अडलेला प्रत्येक शब्द कोशात बघते. पहिल्या अंकालाच पंधरा दिवस लागले. तरी विनोद निसटतातच. जुने शब्द आधी पाठ करावेत का?

उत्तर : नको. 'गॅलिअर्ड', 'कोरँटो' ही नाचांची नावे. तेवढ्यापुरती तळटीप पुरते. फसवतात ते ओळखीचे शब्द, कारण त्यांच्यासाठी आपण कोश उघडतच नाही. ज्ञानेश्वरीतले 'कौतुक' शाबासकी समजून वाचावे, तसे होते. 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब. 'मॅरी, सर' यात लग्नाचा संबंध नाही. ती येशूची आई मेरी हिच्या नावाची सौम्य शपथ, आपल्या 'अहो'इतकी हलकी. नाटकातला टोबी हा सरदारकन्या ऑलिव्हियाचा काका, तरी ती त्याला 'कझिन' म्हणते, कारण तेव्हा कुठलाही नातलग कझिन. (खुद्द टोबीचा दोस्त सर अँड्र्यू 'अकॉस्ट', म्हणजे पुढे होऊन बोलणे, हे बाईचे नाव समजतो, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.)

आता 'फेव्हर' बघा. दुसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ड्यूक ऑर्सिनो आपल्या तरुण सेवकाला विचारतो, एखाद्या 'फेव्हर'वर तुझी नजर जडली आहे ना? इथे अर्थ चेहरा. हा सेवक म्हणजे पुरुषवेषातली, मनातून ऑर्सिनोवरच प्रेम करणारी व्हायोला. ती म्हणते, 'अ लिटल, बाय युअर फेव्हर.' वरवर 'थोडीशी, आपली आज्ञा असेल तर'. आतून रोख त्याच्याच चेहऱ्याकडे. पहिला अर्थ ठाऊक नसेल तर ओळ नुसती अदबीची वाटते.

'दाऊ' (तू) आणि 'यू' (तुम्ही) मात्र आपल्याला आयतेच कळतात. तिसऱ्या अंकात टोबी अँड्र्यूला व्हायोलासाठी द्वंद्वाच्या आव्हानाचे पत्र लिहायला लावतो आणि सांगतो, दोन-तीनदा 'दाऊ' म्हण. म्हणजे सरळ अरे-तुरे कर. पत्राची सुरुवातही तशीच होते. त्याच अंकात ऑलिव्हिया व्हायोलाला पुरुष समजून प्रेमाची कबुली देताना 'दी'वर ('तुला'वर) येते. समोरची व्हायोला 'यू' सोडत नाही. एकेरी कुठे अपमानाचे, कुठे जवळिकीचे, कुठे नोकराशी नेहमीचे, हे कोण कोणाशी बोलते आहे त्यावरून ठरते.

एका बैठकीत शंभर-दीडशे ओळी घ्या. आधी न थांबता, मोठ्याने. अडेल तिथे पेन्सिलीची रेघ. टिपा दुसऱ्या वाचनात. शब्द दुसऱ्यांदा भेटला तरच वहीत उतरवा, तोही पूर्ण वाक्यासह आणि बोलणाऱ्याच्या नावासह. नुसते 'फेव्हर म्हणजे चेहरा' लिहून ठेवले, तर ड्यूकच्या 'फेव्हर्स'चा, म्हणजे मर्जीचा, उल्लेख येतो तिथे अडखळाल.

प्रश्न : 'हॅथ', 'डथ', 'दाइन' यांचे काय?

उत्तर : 'हॅथ' म्हणजे हॅज, 'डथ' म्हणजे डज. 'दाऊ'पुढे क्रियापदाला बहुधा 'एस्ट' लागते. 'दाय'चे (तुझा) स्वरापूर्वी बहुधा 'दाइन' होते. वरच्या प्रसंगात ऑर्सिनो 'दाइन आय' (तुझा डोळा) म्हणतो ते त्यामुळेच.