ठेकेदार चार झाले, रस्ता तोच: पगाराला जबाबदार कोण?

प्रश्न: मी अकरा वर्षे नगरपालिकेचे रस्ते झाडते. चार ठेकेदार बदलले. आताचा ठेकेदार बँकेत पूर्ण पगार टाकतो, पण मुकादम दरमहा तीन हजार रोख परत घेतो. पीएफ कापतात, भरलेला दिसत नाही. नवा ठेका लागणार म्हणून कोऱ्या कागदावर सही मागताहेत. नगरपालिका म्हणते, तुम्ही आमच्या नाहीच.

उत्तर: ताई, ती सही करू नका. उद्या त्याच कागदावर 'राजीनामा दिला, सर्व हिशेब मिळाला' असे लिहिले जाऊ शकते.

नगरपालिकेने हात झटकले तरी ती सुटत नाही. ठेकेदाराने मजुरी कमी दिली, तर उरलेली रक्कम मूळ मालकाने, म्हणजे इथे नगरपालिकेने, द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातली ही तरतूद नव्या श्रम संहितेतही आहे. पीएफची अंतिम जबाबदारीही मूळ मालकावरच येते. ठेका सर्वांत कमी बोलीला जातो, झाडू-गणवेशात फारसे वाचत नाही, मग कात्री मजुरीलाच लागते. हे नगरपालिकेला ठाऊक नसते, असे मला वाटत नाही.

रोख परत घेतल्याचा पुरावा नाही, असे समजू नका. पगारानंतर एक-दोन दिवसांत पैसे काढल्याची नोंद तुमच्या पासबुकात असेल. दहा-बारा जणींची पासबुके शेजारी ठेवा. त्याच तारखा, तोच आकडा दिसला तर तो बोलका पुरावा आहे. कामावरून काढण्याची धमकी देऊन पैसे उकळणे हा खंडणीचाही गुन्हा ठरू शकतो. मात्र एकटीने जाऊ नका, हजेरीवरून नाव जायला वेळ लागत नाही. संघटनेमार्फत, सगळ्यांच्या सह्यांनी, मजुरीची तक्रार कामगार आयुक्तांकडे आणि पीएफची भविष्य निर्वाह निधी कार्यालयात द्या. पोच घ्या.

कायम होण्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. ठेका बेकायदा ठरला तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये ठरवले. पण ठेका निव्वळ कागदी दिखावा आहे, प्रत्यक्षात काम मूळ मालकच करवून घेतो, असे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचेच मानले जातात. मुंबई महापालिकेचे सुमारे २,७०० सफाई कामगार दीर्घ लढ्यानंतर २०१७मध्ये असेच जिंकले.

म्हणून रोज काम कोण वाटून देते, हजेरी कोण घेते, रजा कोण मंजूर करते, हे तारखेसह वहीत लिहा. नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाचे मोबाइलवरचे निरोप पुसू नका. जुन्या ठेकेदारांची ओळखपत्रे फेकली नसतील, तर चारही जपून ठेवा.