दर्यावर जाण्याआधी: होडीवाल्यांचे प्रश्न

हौशी होडीवाल्यांकडून प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं, बहुतेक पत्रं यंत्रांबद्दल येतील. आली ती परत येण्याबद्दल. ते बरंच झालं, कारण कोकण किनाऱ्यावर हौशी होडी अडचणीत येते ती बहुधा बाहेर समुद्रात नाही, खाडीच्या तोंडाशी शेवटच्या अर्ध्या मैलात.

प्रश्न: आमची सोळा फुटी फायबरची होडी आहे, आउटबोर्ड इंजिनाची. पौर्णिमेला दुपारी जेवून आंजर्ल्याच्या खाडीतून बाहेर पडलो, तेव्हा तोंडावर पाणी सपाट होतं. संध्याकाळी सहाला परतलो तर त्याच जागी लाटा फुटत होत्या आणि पंखा वाळूला लागला. वारा तर पडला होता. मग हे कशामुळे? (दापोली)

पौर्णिमेला जेवून निघालात, यातच उत्तर आहे. जुना आडाखा सांगतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला सूर्यास्ताच्या सुमाराला पाणी नेहमीच तळाला असतं, आणि उधाण असल्याने ते सर्वांत खाली गेलेलं असतं. अष्टमीला याच्या उलट: मावळतीला भरती, पण भांगाची, म्हणजे कमी उंचीची. सूर्यास्त बघायला समुद्रात जायचंच असेल तर अष्टमीच्या आसपास जावं.

आडाख्यात तासभर इकडेतिकडे होतं, आणि मुंबईच्या मानाने दक्षिणेकडे भरती आधी येते. म्हणून दिवस ठरवायला तिथी पुरते, वेळ ठरवायला जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताच लागतो.

आता वाळूच्या दांड्यावर, म्हणजे खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या उंचवट्यावर, किती पाणी होतं ते मोजू. पाणी सहा तास एकाच वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. समजा तक्त्यात भरती ३.० मीटर आणि ओहोटी ०.६ मीटर आहे. उतार २.४ मीटर, म्हणजे एक भाग २० सेंटिमीटरचा. नकाशात दांड्यावरची खोली ०.३ मीटर दिली असेल तर ती तक्त्यातल्या उंचीत मिळवायची. भरतीनंतर तीन तासांनी तिथे २.१ मीटर पाणी असेल, चार तासांनी १.५, पाच तासांनी १.१ आणि सहा तासांनी ०.९. तुमच्या इंजिनाचा पाय सुमारे ०.६ मीटर पाण्यात असतो, म्हणजे कागदावर जागा उरते. पण मीटरभर उंचीची लाट असेल तर तिच्या खळग्यात आणखी अर्धा मीटर वजा होतो. ०.९ मधून ०.५ गेले, राहिले ०.४. पंखा वाळूत.

लाटा फुटण्याचं कारणही यातच आहे. लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोली उरली की लाट फुटते. मीटरभर लाटेला १.३ मीटर पाणी लागतं, आणि तुमच्या दांड्यावर ते भरतीनंतर साडेचार तासांच्या सुमारालाच संपलं. त्यात खाडीचं ओसरणारं पाणी बाहेर येत असतं आणि लाट आत. समोरासमोर आल्या की लाटा आखूड आणि उभ्या होतात. याला तिथला वारा लागत नाही. दूरच्या समुद्रात उठलेली लांब लाट वारा पडल्यावरही येत राहते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या संस्थेच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं. उंची अर्धा मीटर पण अंतर चौदा-पंधरा सेकंद असं दिसलं तर बाहेर समुद्र आरशासारखा असेल, दांड्यावर नसेल.

परत येताना वेळ पकडायची ती भरती चढण्याचे शेवटचे दोन तास. चुकली तर बाहेर थांबा. पाणी, टॉर्च आणि नांगराचा दोर यासाठीच बरोबर घ्यायचे. जायचंच ठरवलं तर आधी दहा मिनिटं बाहेरून लाटा मोजा. त्या झुंडीने येतात आणि मध्ये शांत पट्टा असतो. सगळ्यांची जॅकेटं बांधलेली, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसलेली माणसं मध्यावर आणलेली. मोठ्या लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने आत या. तिला ओलांडून पुढे गेलात तर नाळ खळग्यात घुसते. मागे रेंगाळलात तर पुढची लाट मागून होडीला आडवी करते, आणि आडवी झालेली होडी उलटते. मध्यावर पोचल्यावर विचार बदलून वळायचं नाही, कारण वळताना होडी आडवीच होते.

आणखी एक. पावसाळ्यानंतर दांडा जागा बदलतो. गेल्या मोसमात जीपीएसवर साठवलेली वाट सप्टेंबरात डोळे मिटून वापरू नका. गावातल्या तांडेलाला (मासेमारी होडीच्या प्रमुखाला) विचारा, आणि पहिली फेरी चढत्या भरतीत करा. चढत्या पाण्यात रुतलात तर पाणीच उचलून काढतं, उतरत्यात रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

प्रश्न: फोनवर नकाशा असताना होकायंत्र शिकण्यात वेळ का घालवावा? (मालवण)

फोन वापरा, आमची काही हरकत नाही. पण रस्त्यांच्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. मालवण बंदरात शिरताना जे बुडीत खडक जपावे लागतात ते त्यात नाहीत. ते जलसर्वेक्षणाच्या नकाशात असतात, आणि आपल्याकडे तो नकाशा देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. शिवाय उन्हात तापलेला फोन स्वतःहून बंद पडतो, आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

शिकायचं फार नाही. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. म्हणून नकाशावर अंतर मोजायचं ते डाव्या-उजव्या कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर, वरच्या-खालच्या रेखांशाच्या पट्टीवर कधीच नाही. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. नऊ मैल जायचंय आणि वेग सहा नॉट असेल तर दीड तास. त्या दीड तासात अर्ध्या नॉटचा आडवा प्रवाह होडीला पाऊण मैल, म्हणजे जवळजवळ १.४ किलोमीटर बाजूला नेतो. नाळ सगळा वेळ बरोबर दिशेला असूनही. म्हणून दर अर्ध्या तासाला वेळ, दिशा आणि वेग वहीत लिहा. फोन गेला की शेवटच्या नोंदीपासून हिशोब धरता येतो.

आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात जेमतेम एखाद्या अंशाचा फरक आहे, तो होडीपुरता सोडून द्या. फसवतं ते होकायंत्राशेजारचं लोखंड आणि चुंबक: फोन, गाण्यांचा स्पीकर, कोयता. तपासायला बंदरातल्या नकाशात असलेल्या दोन खुणा एका रेषेत धरून होडी त्या रेषेवर ठेवा आणि होकायंत्राचा अंश नकाशाशी ताडा. पाच अंशांची चूक बारा मैलांत एक मैल होते.

कोळ्यांची खुणांची पद्धत याच तत्त्वावर चालते. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की आपण त्या रेषेवर आहोत, यात बॅटरी लागत नाही. बाहेर पडताना मागे वळून खाडीच्या तोंडाचा फोटो काढा, समुद्रातून आपल्याकडची सगळी तोंडं सारखीच दिसतात. आणि घरी येताना नेमकं तोंडावर नेम धरू नका. मुद्दाम मैलभर उत्तरेला धरा. किनारा दिसला आणि तोंड दिसलं नाही, तर डावीकडे की उजवीकडे हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: इंटरनेटवरच्या एका व्हिडिओत सांगितलं की बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) उजव्या हाताला ठेवायचा. आमच्याकडे तर उलट दिसतं. आणि रात्री मासेमारीच्या बोटींचे दिवे कसे ओळखायचे? (रत्नागिरी)

व्हिडिओ अमेरिकेतला असणार, तिकडे ते बरोबर आहे. भारतात समुद्राकडून आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. काळ्या-पिवळ्या खांबांवरचे दोन शंकू कुठल्या दिशेला सुरक्षित पाणी आहे ते सांगतात: दोन्ही टोकं वर असतील तर खांबाच्या उत्तरेने जा, दोन्ही खाली असतील तर दक्षिणेने. टोकाला टोक भिडलेलं असेल तर पश्चिमेने, बुडाला बूड असेल तर पूर्वेने. काळ्या खांबावर लाल पट्टा आणि वर दोन काळे गोळे म्हणजे त्याच जागी धोका आहे, लांबून वळसा घाला.

दिव्यांचं असं: होडीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. समोर दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ तुमच्यावर येतेय. दोघांनीही उजवीकडे वळायचं. यांत्रिक होडी तुमच्या उजवीकडून आडवी येत असेल तर वाट तुम्ही द्यायची. आडवी येणारी होडी होकायंत्रावर त्याच अंशावर राहून मोठी होत चालली असेल तर टक्कर ठरलेली आहे, लवकर आणि ठळक वळा. पाच-पाच अंश वळत राहिलात तर समोरच्याला काहीच कळत नाही.

वर हिरवा, खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर, मागे जाळं ओढतोय. वर लाल, खाली पांढरा म्हणजे दुसऱ्या प्रकारची मासेमारी. दोघांनाही वाट द्यायची, आणि ट्रॉलरच्या मागून जवळून जायचं नाही, जाळ्याचे दोर बरेच लांब मागे असतात. हा झाला नियम. प्रत्यक्षात छोट्या होड्यांवर कधी नुसती बॅटरी असते, आणि जाळ्याच्या टोकाला अंधारात न दिसणारा, काठीला बांधलेला बावटा. पहिलं वर्षभर रात्री बाहेर पडूच नये, असं आमचं मत.

प्रश्न: इंजिन बंद पडलं तर आधी काय बघायचं? (गुहागर)

आधी इंजिन नाही, किनारा बघायचा. फुटणाऱ्या लाटा किंवा खडक जवळ असतील तर आधी नांगर टाका, मग झाकण उघडा. नांगराचा दोर किती, तर भरतीच्या वेळची खोली अधिक पाण्यापासून नाळेची उंची, याच्या पाचपट, वारा असेल तर सातपट. आत्ता तीन मीटर पाणी आहे, भरतीला अडीच चढणार आहे, नाळ अर्धा मीटर वर आहे: एकूण सहा, म्हणून तीस ते बेचाळीस मीटर. दोर कमी सोडला की ओढ वरच्या दिशेला लागते आणि नांगराचं नख वाळूतून उपटतं. दोराआधी चार-पाच मीटर साखळी हवीच.

मग क्रमाने: सुरक्षा दोरी जागेवर आहे का, ती निघालेली असेल तर इंजिन चालूच होत नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. रबरी पंप दाबून घट्ट होतो का. नळीची जोड नीट बसली आहे का. हौशी होड्यांचा बराचसा ‘बिघाड’ या चारांतच सापडतो. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार थांबली असेल तर ताबडतोब बंद करा आणि पाय वर उचला. थंडाव्याचं पाणी घेणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली असते, पावसाळ्यानंतर खाडीत तर हमखास. पेट्रोलचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. दुपारनंतर वायव्येचा वारा समोरून असेल तर यायचा हिस्सा जास्त लागतो.

प्रश्न: लाइफ जॅकेट आहेत, पण ती उकाड्यात कोणी घालत नाही. सीटखाली ठेवली तर चालतील ना? (अलिबाग)

नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं. समुद्रासाठी १०० न्यूटन किंवा त्याहून जास्त तरंगशक्तीचं घ्या. ५० न्यूटनचं बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवत नाही. घातल्यावर खांद्याला धरून वर उचला, कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. मुलांचं वजन बघून घ्यायचं, वय बघून नाही, आणि दोन पायांमधला पट्टा बांधायचाच.

माणूस पडलाच तर ज्याने पाहिलं त्याने ओरडायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, दुसरं काहीही करायचं नाही. मीटरभर लाटांत डोकं काही सेकंदांतच दिसेनासं होतं. रिंग टाका. तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवा, म्हणजे पंखा त्याच्यापासून दूर सरकतो. वळून येताना वाऱ्याकडे तोंड करून सावकाश या आणि हात पोचायच्या आधी इंजिन बंद करा. न्यूट्रलवर भरवसा नको, कोणाचा तरी हात लागून गिअर पडतो.

प्रश्न: मदत कोणाकडे आणि कशी मागायची? (वेंगुर्ले)

व्हीएचएफ (होडीवरचा रेडिओ) असेल तर चॅनेल १६. फोन लागत असेल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. रेडिओवर ‘मेडे’ तीनदा, होडीचं नाव, ठिकाण, काय झालं, किती माणसं, काय हवं, या क्रमाने. ठिकाण सांगताना एक चूक वारंवार होते. फोन १७.५० अंश दाखवतो, त्याचा अर्थ १७ अंश ३० कला. घाईत ‘सतरा पन्नास’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याने १७ अंश ५० कला लिहून घेतलं तर शोध वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर उत्तरेला सुरू होतो. ‘सतरा दशांश चिन्ह पाच शून्य अंश’ असं पूर्ण म्हणा. होडी उलटली तर तिला धरून राहा, किनारा कितीही जवळ वाटला तरी. वरून शोधणाऱ्याला होडी दिसते, डोकं दिसत नाही.