पान उलटायची घाई करू नको

प्रिय पोरी,

अंगणवाडीत यायच्या वेळी रोज ‘पोट दुखते’ म्हणणाऱ्या त्या मुलीबद्दल तू लिहिलंस. ती पोटदुखी खोटी समजू नको. चार वर्षांच्या लेकराजवळ काळजी सांगायला शब्द नसतात, मग ती पोटात उतरते.

चित्रांची पुस्तकं काढलीस हे बरं केलंस. पण माझ्या हातून झालेली चूक तू करू नको. मी चिमूर तालुक्यात होते तेव्हा एका पोराच्या शेजारची गाय वाघानं मारली. त्याची भीती मोडावी म्हणून मी त्याला हसऱ्या वाघाचं पुस्तक वाचून दाखवलं. पोरगं उठून दाराआड जाऊन बसलं. ताडोबाच्या कडेच्या गावात वाघ खरा असतो. ‘काही होत नाही’ हे त्याला पटलं नाही, आणि त्याचंच बरोबर होतं.

मग अंधाराला भिणाऱ्या सशाच्या पिल्लाचं पुस्तक घेतलं. भीती तशीच, पण सशाची. ‘तुला काय होतं?’ असं मी विचारलंच नाही. ‘याला काय होत असेल?’ एवढंच म्हटलं. तो बोलला नाही. सशाच्या डोळ्यांवर त्यानं तळहात ठेवला. मी पान तसंच धरून बसले. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक, तिसऱ्या दिवशीही तेच. आपल्याला कंटाळा येतो, पण पुढं काय येणार हे ठाऊक असलं की लहान मुलाला धीर येतो. दहा-बारा दिवसांनी तो म्हणाला, ‘‘त्याच्या मायले बोलाव ना.’’ तोवर गोड शेवटाकडे पळाले असते, तर हे वाक्य मला ऐकायला मिळालं नसतं.

छापलेली भाषा जशीच्या तशी वाचायलाच हवी असं नाही. ‘भीती वाटते’ ऐवजी ‘भेव लागते’ म्हण, ‘वीज’ ऐवजी ‘इज’. घरचा शब्द आला की मूल मान वर करतं.

पुस्तकांसाठी अडून राहू नको. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर 2015 पासून मराठीतली पुस्तकंही फुकट मिळतात. मोबाइलवर उतरवून घे. शक्य झालं तर छापून घे, कारण पान लेकराच्या बोटानं उलटलं गेलं पाहिजे.

आणि खाणं, झोप, बोलणं बरेच दिवस बिघडलेलं दिसलं तर पुस्तकावर विसंबू नको. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना सांग. तोवर थांबवत नसेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे. फोन फुकट, रात्रीही उचलतात.

तिची आई सकाळी कापूस वेचायला किती वाजता निघते, ते विचारून मला कळव. आईला वाचता येत नाही म्हणून तू पुस्तक घरी दिलं नाहीस, असं लिहिलंस. अगं, चित्रं आहेत ना! उद्याच दे. निघण्याआधी पाच मिनिटं लेकीला मांडीवर घेऊन आई तिच्या बोलीत सांगेल, आणि संध्याकाळी आल्यावर त्याच पानापासून पुढं.

तुझी,
बाई