गाडीची वॉरंटी संपत आलीय. बडोद्यात सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरला करावं की बाहेरच्या गॅरेजमध्ये?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल-सीएनजी गाडीला तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरलेत, 31,000 किलोमीटर झालेत, सर्व्हिस सेंटरने 11,800 चं एस्टिमेट दिलंय आणि मांजलपूरचा गॅरेजवाला ‘तेच काम’ साडेचार हजारात करतो म्हणतोय. सगळी मेख त्या ‘तेच काम’मध्ये आहे. गॅरेजवाल्याकडून काय काय करणार ते लिहून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक साफ करणं, अलाइनमेंट-बॅलन्सिंग, एवढं दोन्हीकडे असेल. सेंटरच्या कागदावर त्याखाली इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशी शेपटी असेल. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलंय ना, ते काढा. त्यात किती किलोमीटरला काय बदलायचं त्याचा तक्ता असतो. तक्त्यात नाही ते खोडायला सांगा. मागच्या वर्षी माझ्या 9,600 च्या एस्टिमेटमधून असे 3,400 उडाले आणि अ‍ॅडव्हायझरने हूं की चूं केलं नाही. म्हणजे ती कामं किती गरजेची होती बघा.

मी दांडिया बाजारचा, सोळा वर्षं इथेच गाडी चालवतोय आणि फसवून घेतलंय दोन्हीकडे. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने केबिन फिल्टरचे (गाडीच्या आतली हवा गाळणारा) पैसे लावले. घरी आल्यावर उगाच शंका आली म्हणून कप्पा काढून पाहिलं, तर जुनाच काळा फिल्टर आणि त्यात अडकलेली कडुलिंबाची काडी. दुसऱ्या वेळी एका गॅरेजमधल्या पोराने ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट असा आवळला की पुढच्या खेपेला आटेच गेले. सेंटरकडे निदान बिल होतं, भांडून पैसे परत मिळाले. गॅरेजवाल्याने ‘पहिल्यापासूनच तसं होतं’ म्हणून हात झटकले.

आता ज्याच्याकडे जातो तो मिस्त्री मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) एका गल्लीत बसतो. त्याच्यावर विश्वास कसा बसला ते सांगतो. सेंटरने पुढचे ब्रेक पॅड बदलायला सांगितले होते. ह्याने चाक उतरवलं, पॅड काढून माझ्या हातात दिला आणि पट्टी लावली: पाच मिलिमीटर. नवा साधारण दहाचा असतो, तीनच्या आसपास आला की बदलायचा. मग डिस्कच्या कडेवर नख फिरवून दाखवलं, जिथे अडकतं तिथे झिजेची कड तयार झालेली. म्हणाला, ‘भाऊ, हजु चालशे. खोटो खर्चो शा माटे?’ म्हणजे अजून चालेल, फुकटचा खर्च कशाला. (इथले गुजराती आपल्याला मराठी लोकांना भाऊच म्हणतात, त्यात लाडही आणि चिमटाही.) त्या दिवशी त्याने माझ्याकडून फक्त दीडशे रुपये घेतले. हातात आलेलं काम जो नको म्हणतो, त्याच्याकडे क्लच प्लेटसारखं मोठं काम निर्धास्त द्यावं. आणि गाडीजवळ उभं राहू देत नसेल तर सेंटर असो की गॅरेज, मी तिथून निघतो.

‘बाहेर हात लावला तर वॉरंटी जाते’ हे सगळे ऐकवतात. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना सुट्या भागांच्या मक्तेदारीवरून दंड केला, तेव्हा हेही बजावलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या. काउंटरवर उभं राहून तुम्ही ही लढाई लढणार आहात का? दोन महिनेच राहिलेत, तेवढे सेंटरलाच काढा.

पुढे माझी वाटणी अशी: ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, बॅटरी मिस्त्रीकडे. एअरबॅगचा दिवा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप), रिकॉल (दोष सापडला म्हणून कंपनी स्वतः गाड्या परत बोलावते ते) सेंटरकडे. रिकॉलचं काम वॉरंटीबाहेरही फुकट होतं, चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघत जा. मिस्त्रीला ऑइल मात्र आपण विकत घेऊन द्यावं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांना 0डब्ल्यू-20 सारखं पातळ ऑइल लागतं आणि पिंपातलं सुटं ऑइल ते नसतं. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायचा.

सीएनजीचं वेगळं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुती तपासणं) दर तीन वर्षांनी असते, म्हणजे तुमची आलीच. ती मिस्त्री करत नाही, मान्यताप्राप्त टेस्ट सेंटरलाच होते, आणि तारीख उलटली की पंपावर गॅस भरायला नकार मिळतो.

आणखी एक, आपल्या गावाचं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या सहा गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर दोघांनी ‘बघू चालू होते का’ म्हणून चावी फिरवली. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. दोघांचीही इंजिनं खोलावी लागली, आणि साध्या विम्यात असं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन लागतं. अशा वेळी चावीला हात न लावता बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून कंपनीच्या सेंटरलाच न्यायची. तिथे कॅशलेस होतं, कागदपत्रं तेच सांभाळतात. मिस्त्री कितीही जिवाभावाचा असला तरी हे त्याच्या आवाक्यातलं नाही.

तेव्हा ह्या खेपेला एस्टिमेट छाटून सेंटरलाच जा. आधी आठ दिवस गाडीतले सगळे आवाज लिहून ठेवा: खड्ड्यात येणारी टकटक, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरची कटकट, सकाळी पहिल्या गिअरला बसणारा झटका. एकेक तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या, अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून अकोट्याच्या पुलापर्यंत चक्कर मारा आणि ‘नॉर्मल आहे साहेब’ म्हणाला तर तेही त्याच कार्डवर लिहून द्यायला सांगा. शेरा लिहिताना बरेच आवाज एकदम वॉरंटीत बसतात.