पुण्यातल्या फ्लॅटमध्ये व्हेल्ड कॅमेलिऑन ठेवायचा आहे. घरात पडून असलेली फिश टँक चालेल का?

नाही. हा झाडावर राहणारा सरडा आहे, त्याला लांबीपेक्षा उंची लागते. टँकमध्ये हवा कोंडते आणि श्वसनाचे आजार होतात. पूर्ण वाढलेल्याला निदान २ × २ × ४ फुटांचा जाळीचा पिंजरा हवा, आणि एका पिंजऱ्यात एकच.

आत बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या आडव्या-तिरक्या घट्ट बांधा. लपायला कुंडीतली जास्वंद उत्तम, फक्त फवारणी केलेली नको.

खरी गोची दिव्यांची. ऊब देणारा बल्ब जाळीच्या बाहेर, वर ठेवा. आत लावला तर पाठ भाजते. त्याखालच्या फांदीवर ३० अंशांच्या आसपास तापमान हवं, खालचा भाग थंड. सोबत यूव्ही-बी (उन्हात असतात ते अतिनील किरण) देणारी ट्यूब रोज १२ तास. ती नसेल तर कॅल्शियम शोषलं जात नाही, हाडं मऊ होऊन पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच यूव्ही-बी अडवते. ट्यूब दिसायला पेटत राहते, पण यूव्ही-बी कमी होत जातो. वर्षाच्या आत बदला. मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर गेली की बल्ब बंद, ट्यूब चालू.

वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ फवारा मारा, मधे पिंजरा वाळू द्या. पावसाळ्यात फवारा कमी, नाहीतर बुरशी.

आणि आपला रानातला घोयरा सरडा पकडून आणू नका, तो गुन्हा आहे. विदेशी जातीचीही कागदपत्रं घ्या आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा.