नाशपतीची चोरी आणि जुन्या गोव्यातला मनोरा

प्रश्न : सुट्टीत जुन्या गोव्याला गेलो होतो. तिथला सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा दाखवून गाइड म्हणाला, ‘हे चर्च त्या संतांनीच बांधलं.’ खरं का? हे संत गोव्यात कधी आले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आलेच नाहीत! ते वारले ४३० साली. त्यांचं नाव लावणारे ऑगस्टिनियन साधू गोव्यात उतरले १५७२मध्ये. मनोरा त्या साधूंच्या चर्चचा.

ऑगस्टीन आफ्रिकेचे. जन्म ३५४ सालचा, थागास्त गावातला. आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. आई मोनिका ख्रिस्ती, वडील बरीच वर्षं जुन्या देवांना मानणारे. पोरगा हुशार आणि उनाड. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या नाशपती चोरल्या आणि डुकरांपुढे टाकल्या. घरी याहून चांगल्या होत्या, मग चोरल्या कशाला? पुढे ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनात त्यांनी यावर पानंच्या पानं लिहिली. माणसाला वाईट गोष्ट नुसती वाईट म्हणूनही हवीशी वाटते, हे त्यांना सतावत होतं. मूळ पाप, म्हणजे माणूस जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतो, याविषयीचे त्यांचे विचार पश्चिमेकडच्या चर्चमध्ये असे रुजले, की हजार वर्षांनी आलेला, प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरही ऑगस्टिनियन साधूच होता.

मला मात्र त्या पुस्तकात एक गोष्ट खटकते. जिच्याबरोबर पंधराएक वर्षं संसार केला, त्या बाईचं नावच त्यात नाही. मुलाचं आहे : अदेओदातुस, म्हणजे आपल्याकडचा देवदत्त. पुढे ते इटलीत मिलानला असताना आईने तोलामोलाचं स्थळ जमवलं आणि या बाईला आफ्रिकेत परत पाठवलं. मुलगा बापाकडे राहिला. ती गेली तेव्हा काळजाला जखम झाली, असं ते लिहितात. नाशपतींचा हिशोब चोख, हिचं नाव गाळलेलं!

ते लग्नही झालं नाहीच. ३८६ साली मिलानच्या बागेत ‘घे, वाच’ असा पोराचा आवाज कानी पडला, त्यांनी संत पौलाचं पत्र उघडलं आणि आयुष्य पालटलं. पुढच्या वर्षी बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, मग परत आफ्रिकेत येऊन हिप्पो शहराचे बिशप झाले. व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असतानाच गेले.

मनोऱ्याची उंची म्हणाल तर सुमारे ४६ मीटर. चर्चचं छत १८४२मध्ये कोसळलं. तिथेच जॉर्जियाची राणी केतेवन हिच्या अस्थी सापडल्या. पण ती गोष्ट मोठी आहे, त्यासाठी वेगळं पत्र टाका.